कलाकृतीचा हक्क आणि हुकूकुल-इबाद

पवित्र कुरआनात हजरत शुऐब (अलै.) यांची कथा येते, तेव्हा एकेश्वरत्वाच्या आवाहनाला लागूनच बाजाराचा एक आदेश येतो. मदयनचे लोक व्यापारी होते. माप आणि वजन पुरे द्या, असे ते आपल्या लोकांना सांगतात आणि लगेच पुढे बजावतात की, लोकांच्या वस्तूंमध्ये घट करून देऊ नका. सूरह अल-अअराफ (आयत ८५), सूरह हूद (आयत ८५) आणि सूरह अश-शुअरा (आयत १८३) अशा तीन ठिकाणी हा आदेश आला आहे. तिन्ही ठिकाणी ‘अश्या’ हाच शब्द आहे. ‘शै’ म्हणजे वस्तू, कोणतीही वस्तू. ‘अश्या’ हे त्याचे अनेकवचन. धान्य, कापड, नाणे असा कोणताही एक प्रकार येथे सांगितलेला नाही. जे जे दुसऱ्याचे आहे आणि ज्याची किंमत लोकव्यवहारात मानली जाते, ते सर्व या शब्दाच्या कक्षेत येते. घट करण्याच्या क्रियेला अरबीत ‘बख्स’ म्हणतात. वजन मारणे हा जसा बख्स, तसाच एखाद्याच्या श्रमाचे श्रेय मारणे हाही बख्सच.

हे सर्व आज लिहिण्याचे कारण आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. रमजानचे चंद्रदर्शन होण्याआधीच भ्रमणध्वनीवर शुभेच्छाचित्रांचा पाऊस सुरू होतो. सुंदर सुलुस लिपीतील बिस्मिल्लाह, नस्तालीकमधील एखादी दुआ, सहर-इफ्तारचे सजवलेले वेळापत्रक, ईदचे कार्ड. यातील प्रत्येक चित्र कुणीतरी काढलेले असते. आज आपल्या घरांतील अनेक मुली-मुले टॅबवर खत्ताती करतात. त्यांनी अक्षराचे प्रमाण नुक्त्याने मोजायला शिकलेले असते, एक ‘हे’ जमेपर्यंत कित्येक रात्री घालवलेल्या असतात. चित्र पूर्ण झाले की ते इन्स्टाग्रामवर जाते, आणि दोन दिवसांत तेच चित्र कोपऱ्यातील नाव कापून, खाली एखाद्या कपड्याच्या दुकानाची जाहिरात जोडून, काढणाऱ्याच्याच कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर परत येते. वर लिहिलेले असते की, पुढे पाठवा आणि सवाब मिळवा.

या ‘सवाब’ शब्दापाशी थांबायला हवे, कारण सर्व गैरसमजाचे मूळ तेथे आहे. चित्रपट किंवा गाणे चोरून डाउनलोड करणे गैर आहे, हे आपल्याकडे पुष्कळांना पटते. परंतु दीनी मजकूर असला की तो सर्वांचाच, असे आपण गृहीत धरतो. सहीह मुस्लिममध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण नोंदलेली आहे की, अल्लाह पवित्र आहे आणि तो पवित्र तेच स्वीकारतो. त्याच ग्रंथात तहारतीच्या प्रकरणात असेही आले आहे की, जसा वुजूविना नमाज स्वीकारला जात नाही, तसा गुलूलच्या मालातून केलेला सदकाही स्वीकारला जात नाही. गुलूल म्हणजे गनीमतीच्या सामाईक मालातून वाटपापूर्वी परस्पर काढून घेतलेली वस्तू. खैबरच्या मोहिमेनंतरचा प्रसंग बुखारी व मुस्लिम दोन्हींत आहे. प्रेषितांच्या सेवेतील एक गुलाम बाण लागून मरण पावला. लोक म्हणाले, याला जन्नत लाभली. प्रेषित (स.) यांनी शपथपूर्वक सांगितले की, वाटपाआधी त्याने घेतलेली चादर त्याच्यावर आग होऊन पेटली आहे. हे ऐकताच एक माणूस चपलेचा एक-दोन बंद घेऊन परत करायला आला. जो माल सामाईक होता, ज्यात त्या व्यक्तीचाही वाटा होता, त्याच्याबाबत ही कठोरता आहे. मग ज्या वस्तूत आपला मुळीच वाटा नाही, ती परस्पर उचलून तिच्यावर सवाबची आशा कशी करावी?

यावर एक प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारणारे अनेकदा दीनदार लोकच असतात. आयत तर अल्लाहची आहे. तिच्यावर कुणाचा कॉपीराइट? प्रश्नाचा पहिला अर्धा भाग पूर्णपणे खरा आहे. आयतीवर, हदीसच्या मूळ शब्दांवर, दुआवर कोणाचाही मालकी हक्क नाही आणि कोणताही खत्तात तसा दावा करत नाही. त्याचा दावा आपल्या हाताच्या रेषेवर आहे. मदीना मुसहफ आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आहे. त्यातील कलाम अल्लाहचा आहे, पण ‘लाम’चा तो डौल आणि ओळींची ती समतोल ठेवण उस्मान ताहा यांच्या हाताची आहे, आणि म्हणूनच त्यांचे नाव जगभर आदराने घेतले जाते. आयत हवी असेल तर ती स्वतः लिहावी, छापील मुसहफात वाचावी, तोंडपाठ करावी. त्याला कोणी अडवत नाही. मुलीने रात्रभर बसून केलेली आयतीची रचना मात्र तिची आहे.

खत्तातीच्या परंपरेत तर नावाला असाधारण महत्त्व आहे. तुर्कस्तानातील उस्मानी उस्तादांच्या पद्धतीत शागीर्द वर्षानुवर्षे अक्षरांचे आणि जोडाक्षरांचे धडे गिरवत असे. उस्तादाने इजाजत दिल्यानंतरच त्याला आपल्या लेखनाखाली ‘कतबहू’, म्हणजे ‘हे अमुकाने लिहिले’, असे लिहून स्वतःचे नाव घालण्याचा अधिकार मिळे. त्यापूर्वी सही करणे म्हणजे अदब मोडणे. ज्या परंपरेत खुद्द लिहिणाऱ्यालाही स्वतःचे नाव घालण्यासाठी परवानगी लागत असे, तिचे वारसदार आज दुसऱ्याचे नाव बोटाच्या एका हालचालीने कापून टाकतात.

नावाचा प्रश्न आपल्या उलमांनी किती गांभीर्याने घेतला होता, याचे एक उदाहरण इमाम जलालुद्दीन सुयूती (मृत्यू हिजरी ९११, इ. स. १५०५) यांचे आहे. मूळ लेखक आणि चोर यांच्यातील फरकावर त्यांनी एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. त्यांची तक्रार कस्तल्लानी (मृत्यू हिजरी ९२३, इ. स. १५१७) यांच्याविषयीही होती. हे तेच कस्तल्लानी, ज्यांनी सहीह बुखारीवर प्रसिद्ध भाष्य लिहिले. चरित्रग्रंथांत हा वाद नोंदलेला आहे. सुयूतींचे म्हणणे असे की, कस्तल्लानी माझ्या ग्रंथांतून उतारे घेतात, पण माझे नाव घेत नाहीत. थेट बैहकींचा हवाला देतात. शैखुल इस्लाम जकरिया अन्सारी यांच्यापुढे हा विषय गेला, तेव्हा सुयूतींनी विचारले की, बैहकींचे ग्रंथ पुष्कळ आहेत, हे वाक्य त्यांतील नेमक्या कोणत्या ग्रंथात पाहिले, ते सांगावे. कस्तल्लानींना सांगता आले नाही. मग सुयूती म्हणाले की, तुम्ही ते माझ्या ग्रंथात पाहिले आहे, तेव्हा सुयूतीने बैहकीकडून उद्धृत केले असे लिहिणे तुमचे कर्तव्य होते. पुढे कस्तल्लानी अनवाणी आणि उघड्या डोक्याने सुयूतींच्या घरी क्षमा मागायला गेले. सुयूतींनी आतूनच सांगितले की, माझे मन निवळले आहे. पण दार उघडले नाही.

या वादात कोणाची बाजू किती खरी होती, हे ठरवण्याची आपली योग्यता नाही. दोघेही आपले इमाम आहेत. पण तक्रार कशाची होती ते पाहा. मजकूर खोटा नव्हता, विक्रीचा प्रश्नही नव्हता. तक्रार एवढीच होती की, ज्याच्या हातून वस्तू मिळाली त्याचे नाव वगळले गेले. इस्नादवर उभ्या असलेल्या उम्मतीत ही लहान गोष्ट नव्हती. कोणी कोणाकडून ऐकले, हे नमूद केल्याशिवाय आपल्याकडे हदीससुद्धा ग्राह्य धरली जात नाही. ‘जसे आले तसे पुढे पाठवले’ एवढे लिहिल्याने आपली जबाबदारी संपते असे मानणाऱ्यांनी मुहद्दिसांचा हा शिरस्ता आठवावा.

नाव कापण्यापेक्षाही वाईट प्रकार म्हणजे दुसऱ्याच्या चित्रावर आपले नाव घालणे. न केलेल्या कामाची प्रशंसा व्हावी अशी इच्छा बाळगणाऱ्यांना सूरह आले-इमरान (आयत १८८) मध्ये कडक इशारा दिला आहे. हजरत अस्मा (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये एका स्त्रीने प्रेषितांना विचारले होते की, पतीने न दिलेली वस्तू त्याने दिली, असे मी सवतीपुढे भासवले तर काही हरकत आहे का? तेव्हा प्रेषित (स.) यांनी, न मिळालेल्या गोष्टीचा डौल मिरवणाऱ्याला असत्याची दोन वस्त्रे पांघरलेल्याची उपमा दिली. दुसऱ्याच्या खत्तातीवर आपले मोनोग्राम चढवून ‘लाइक’ गोळा करणाऱ्याच्या अंगावर कोणती वस्त्रे असतात, ते वाचकांनीच ठरवावे.

आता फिकहच्या अंगाने पाहू. येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, या विषयात आपल्या मोठ्या उलमांमध्ये मतभेद झाला आहे. मुफ्ती मुहम्मद शफी (रह.) यांनी ग्रंथस्वामित्वाच्या हक्काची विक्री नाजायज मानली होती. त्या भूमिकेमागचा युक्तिवाद असा की, हक्क ही हाताने धरता येणारी वस्तू नाही. ज्याने प्रत विकत घेतली तो प्रतीचा मालक झाला, मग त्याने तिची नक्कल का करू नये? शिवाय ज्ञान अडवून ठेवण्यालाही धर्मात मनाई आहे. त्यांचेच पुत्र मुफ्ती मुहम्मद तकी उस्मानी यांनी अमूर्त हक्कांच्या विक्रीवरील आपल्या संशोधनात वेगळा निष्कर्ष काढला. अबू दाऊदमधील हदीसनुसार, जेथे आधी कोणी मुसलमान पोहोचला नाही तेथे जो प्रथम पोहोचतो त्याचा तिच्यावर हक्क असतो. मग नव्या निर्मितीवर निर्मात्याचा पहिला हक्क का नसावा? आणि ज्या हक्काला व्यापाराच्या उर्फमध्ये किंमत आली आहे, तो मालाच्या सदरात का येऊ नये? पित्याच्या मतापुढे पुत्राने अदब राखून आपले मत मांडावे आणि दोघांनाही उम्मतीने आदराने वाचावे, ही आपल्या इल्मी परंपरेची शोभा आहे.

पुढे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथे भरलेल्या पाचव्या अधिवेशनात ठराव क्रमांक ४३ केला. व्यापारी नाव, बोधचिन्ह, ग्रंथलेखन, शोध आणि नवनिर्मिती यांचे हक्क त्यांच्या मालकांचे आहेत, आजच्या उर्फनुसार त्यांना आर्थिक मूल्य आहे, शरीअतीत त्यांना संरक्षण आहे आणि त्यांच्यावर अतिक्रमण करणे जायज नाही, असा त्याचा आशय आहे. आज बहुसंख्य फकीह याच मताकडे झुकलेले दिसतात, आणि मलाही तेच अधिक सबळ वाटते. ज्ञान लपवण्याची मनाई दीनच्या आवश्यक ज्ञानाला लागू आहे. ईदच्या कार्डाची नक्षी न मिळाल्याने कोणाचा दीन अडत नाही. आणि जे उलमा हक्काच्या विक्रीला मान्यता देत नाहीत, त्यांच्या मताचा आधार घेऊनही नाव कापणे किंवा स्वतःचे नाव जोडणे जायज होत नाही. ते खोटेपण आहे आणि खोट्याबाबत कोणताच मतभेद नाही.

आपल्या महाराष्ट्रापुरती एक गोष्ट येथे नमूद करणे योग्य ठरेल. कोकणातील आपले बहुतेक बांधव शाफई आहेत, तर घाटावर आणि मराठवाड्यात हनफी मसलकाचे अनुयायी अधिक. शाफई फिकहमध्ये ‘मनफअत’, म्हणजे वस्तूपासून मिळणारा उपयोग, हाच माल मानला जातो. म्हणून कोणी दुसऱ्याची वस्तू बळकावून वापरली तर वापराचे भाडे त्याच्यावर लागू होते. जुन्या हनफी फकीहांनी वापराची अशी भरपाई सरसकट मानली नाही. पण नंतरच्या हनफी उलमांनी तीन अपवाद केले: वक्फची मालमत्ता, यतीमाची मालमत्ता आणि उत्पन्नासाठीच ठेवलेली मालमत्ता. ज्या कलाकाराची रोजीरोटीच चित्रांवर आहे, त्याचे चित्र या तिसऱ्या प्रकाराच्या अगदी जवळ जाते. थोडक्यात, चिपळूणचा शाफई असो वा परभणीचा हनफी, फुकट वापराला सबब मिळणे दोघांनाही कठीण आहे.

सजीवांच्या चित्रांचा प्रश्न निराळा आहे आणि त्याची चर्चा येथे करत नाही. फक्त एक सांगतो. काही तरुण म्हणतात की, असे चित्र नाजायजच आहे, मग ते उचलायला काय हरकत? नाजायज वाटत असेल तर त्याचा मार्ग ते न वापरणे हा आहे. फुकटात वापरणे हा परहेजगारीचा प्रकार अद्याप कोणत्याही फकीहाने सांगितलेला नाही.

देशाचा कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे, आणि ज्या देशात आपण करार करून राहतो त्याचे जायज कायदे पाळणे ही आपली धार्मिक बांधिलकी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र, रेखाटन आणि छायाचित्र ही ‘कलाकृती’ आहेत, मग त्यांत कलात्मक गुण असो वा नसो. हक्क मिळण्यासाठी नोंदणीची गरज नाही. कृती निर्माण होताच हक्क निर्माण होतो. तो कलाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे वालिद हयात नसले तरी त्यांच्या खत्तातीवर वारसांचा हक्क आहे, आणि मीरासच्या वाटपात आपण या गोष्टीचा विचारही करत नाही. पैसे देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा किंवा चित्राचा प्रथम हक्क, वेगळा करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याकडे जातो. पण कलम ५७ पाहा: हक्क विकल्यानंतरही, कृती माझी आहे असे सांगण्याचा आणि तिची मोडतोड करून आपल्या लौकिकाला बाधा आणण्यास विरोध करण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेले कांस्य भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून गुदामात टाकले. ते सरकारच्याच मालकीचे होते. तरीही दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्प शिल्पकाराला परत देण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला.

२०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक कलम आले, ६५ब. कृतीसोबत असलेली हक्कविषयक माहिती, म्हणजे कलाकाराचे नाव वगैरे, जाणूनबुजून आणि अधिकाराशिवाय काढून टाकणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. नाव कापणाऱ्या बोटाला हे ठाऊक असावे. संकेतस्थळावर आपले चित्र विनापरवानगी आढळल्यास हक्कधारक लेखी तक्रार करू शकतो. २०१३ च्या नियमांनुसार ३६ तासांच्या आत त्या सामग्रीपर्यंतचा प्रवेश थांबवण्याची तरतूद आहे, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश न आणल्यास तो पुन्हा खुला होऊ शकतो.

कलाकारांनीही काही पथ्ये पाळावीत. व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठवलेल्या प्रतिमेसोबतची आंतरिक माहिती गळून जाते, म्हणून नाव चित्राच्या आतच असावे. तेही अगदी कडेला नको, तर रचनेचा भाग होऊन, जेणेकरून कापले तर चित्रच बिघडेल. मात्र आयतीच्या अक्षरांवरून आडवा वॉटरमार्क ओढू नये. तो अदबीच्या विरुद्ध आहे. जुन्या उस्तादांप्रमाणे नाव खाली घालावे. मूळ थरांची फाइल तारखेसह जपून ठेवावी आणि सार्वजनिक ठिकाणी लहान आकाराची प्रतच टाकावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शर्त स्पष्ट लिहावी: नावासह पुढे पाठवण्यास परवानगी, छपाईस नाही, किंवा मशिदीसाठी मोफत, दुकानासाठी नाही, किंवा सर्वांना सर्व प्रकारे खुली. मुसलमान आपल्या शर्तींशी बांधलेले असतात, ही प्रेषितांची शिकवण तिर्मिजी व अबू दाऊद यांनी नोंदवली आहे. शर्त लिहिलेलीच नसेल तर समोरचा ‘मला वाटले चालेल’ म्हणायला मोकळा होतो. जगभरात क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे तयार परवाने यासाठीच वापरले जातात. त्यांतील एकात फक्त नाव देण्याची अट असते, दुसऱ्यात व्यापारी वापराला मनाई असते.

पुढे पाठवणाऱ्यांसाठी रीत साधी आहे. ॲपमधील ‘शेअर’ वापरले तर नाव सोबत जाते. स्क्रीनशॉट घेऊन कापले तर जात नाही. छापायचे असेल तर विचारावे. आपल्या डीटीपीच्या दुकानांना आणि दीनी पुस्तके छापणाऱ्यांना तर हे आवर्जून सांगावेसे वाटते. चोरीच्या इनपेज आणि श्रीलिपीवर जुळवलेल्या पुस्तकात हलाल रोजीवरचा धडा छापणे शोभत नाही.

एक मसला अनेकदा विचारला जातो. मशिदीच्या कमिटीने इंटरनेटवरील एक नक्षी घेऊन रमजानचे ५०० तक्ते छापले आणि वाटले. खाली देणगीदार दुकानांच्या जाहिराती होत्या. नंतर कळले की, नक्षी एका मुलीची होती आणि नाव कापलेले होते. आता काय करावे? हा बंद्याचा हक्क आहे, म्हणून केवळ इस्तिगफार पुरेसा नाही. त्या मुलीपर्यंत पोहोचावे लागेल. कमिटीने तिला किंवा तिच्या वडिलांना वस्तुस्थिती सांगावी, अशा कामाला बाजारात जी मजुरी चालते ती, म्हणजे उजरते मिस्ल, तिच्यापुढे ठेवावी आणि जाहिरातींतून आलेल्या रकमेतून ती आधी द्यावी. तिने खुशीने माफ केले तर जबाबदारी उतरली. मशिदीचे काम आहे म्हणून जमातीसमोर तिच्यावर दबाव आणून घेतलेली माफी मात्र माफी नव्हे. शिल्लक तक्त्यांवर तिचे नाव शिक्क्याने घालावे आणि ज्या गटांवर हे चित्र पाठवले होते, तेथे ते कोणाचे आहे हे कळवावे. खूप शोधूनही ती सापडली नाही तर तेवढी रक्कम तिच्या वतीने गरजूंना सदका करावी. पण ती पुढे कधी समोर आली आणि तिने आपला हक्क मागितला, तर तो द्यावाच लागेल. म्हणून हिशेबाच्या वहीत ही नोंद आजच करून ठेवावी.